पुरे कुठे म्हणायचं: देवळालीच्या कापरेकर मास्तरांचं प्रकरण

२०२५ साल उजाडलं त्या दिवशी गणित शिक्षकांच्या आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळपासून एकच आकडेमोड फिरत होती. २०२५ चे मधोमध दोन तुकडे करा, २० आणि २५. त्यांची बेरीज ४५. आणि ४५ चा वर्ग पुन्हा २०२५. ज्या संख्येच्या वर्गाचे असे दोन तुकडे करून बेरीज केली की तीच संख्या परत मिळते, तिला कापरेकर संख्या म्हणतात. ५५ घ्या, वर्ग ३०२५, आणि ३० अधिक २५ पुन्हा ५५. २९७ चा वर्ग ८८२०९, तिथे ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. ज्यांच्या नावाने या संख्या जगभर ओळखल्या जातात ते दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर आमच्याच नाशिक जिल्ह्यात, देवळालीला, शाळेत शिकवायचे.

त्या मेसेजखाली एका सरांनी लिहिलं, ‘एवढा हुशार माणूस आणि आयुष्यभर शाळामास्तरच राहिला.’ दुसऱ्यांनी लगेच उत्तर दिलं, ‘म्हणूनच सुखात राहिला.’ दोन्हीला भराभर अंगठे मिळाले. मला मात्र दोन्ही वाक्यं खटकली. पहिल्यात कापरेकरांची महत्त्वाकांक्षा नाकारलेली आहे आणि दुसऱ्यात त्यांच्या समाधानाची किंमत. त्या दिवसापासून हे प्रकरण डोक्यात घोळत होतं. महत्त्वाकांक्षा आणि समाधान यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न आम्हा शिक्षकांच्या घरोघरी आहे, आणि त्यावर बोलायला मला कापरेकर मास्तरांइतकं जवळचं उदाहरण सापडत नाही.

माणूस आणि गाव

जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. आई आठव्या वर्षी गेली. वडील कारकून, ज्योतिषाचा नाद असलेले. आकड्यांची गोडी मुलाला त्यांच्याकडूनच लागली. माध्यमिक शिक्षण ठाण्याला, पुढे पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज. तिथे शिकत असताना १९२७ साली त्यांना रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाचं गणित पारितोषिक मिळालं, तेही स्वतंत्र कामासाठी. परांजपे म्हणजे १८९९ साली केंब्रिजला सीनिअर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत सर्वांत वरचे, झालेले पहिले भारतीय आणि नंतर फर्ग्युसनचे प्राचार्य. त्या काळच्या महाराष्ट्रात गणितातल्या मुलासाठी याहून मोठं नाव नव्हतं. १९२९ ला कापरेकर बी. एस्सी. झाले. एम. ए., एम. एस्सी. केलं नाही. देवळालीच्या शाळेत गणिताचे शिक्षक म्हणून लागले आणि १९६२ ला तिथूनच निवृत्त झाले. नोकरीच्या अंगाने त्यांचं चरित्र एवढंच.

देवळालीबद्दल थोडं सांगायला हवं. ब्रिटिश काळात इथे लष्कराची मोठी संक्रमण छावणी होती. सेवेची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत इथे महिनोन्‌महिने पडून राहायचे. काम नाही, ऊन, ताप, आणि मन सगळं विलायतेकडे. त्यात काहींची डोकी इतकी फिरायची की इंग्रजीत वेड लागलेल्या माणसाला ‘डूलाली’ म्हणायची रीत पडली. तो शब्द देवळालीवरूनच आला. त्याच गावात कापरेकर तीसेक वर्षं राहिले. शिपायांना गावातून बाहेर पडायचं होतं म्हणून गाव खायला उठायचं. कापरेकरांना तिथे बसून करण्यासारखं काहीतरी होतं.

वजाबाकी

ते काय होतं, हे प्रत्यक्ष करून पाहिल्याशिवाय कळत नाही. मी दरवर्षी आठवीच्या वर्गात जूनमध्ये हे करतो. मुलांना सांगतो, चार अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. यंदा एकाने वडिलांच्या गाडीचा नंबर दिला, ४५१८. त्याचे अंक उतरत्या क्रमाने लिहिले, ८५४१. चढत्या क्रमाने, १४५८. वजाबाकी ७०८३. आता या ७०८३ वर पुन्हा तेच. ८७३० वजा ०३७८, उत्तर ८३५२. पुन्हा, ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. पुन्हा केलं, ७६४१ वजा १४६७, तर परत ६१७४. आता कितीही वेळा करा, ते तिथून हलत नाही.

मग वर्गात गलका होतो. कोणी जन्मसाल घेतो, कोणी मोबाइल नंबरचे शेवटचे चार आकडे. बाकावर बाक वाजतो, ‘सर, माझं पण आलं!’ कोणाचं दोन वजाबाक्यांत येतं, कोणाचं सहांत. सातच्या पुढे कोणाचंच जात नाही. ज्याचं आठ झाल्यावरही येत नाही त्याची हातच्यांची चूक असते, आणि तो स्वतःच ती शोधून काढतो. हातच्याची वजाबाकी मुलांनी आपणहून इतक्या वेळा करावी यासाठी मला दुसरी कुठलीही युक्ती आजवर मिळालेली नाही.

ही गोष्ट कापरेकरांना १९४६ साली सापडली. १९४९ ला मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ती मांडली. १९५५ साली न्यूयॉर्कच्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात ६१७४ वरचं त्यांचं टिपण छापून आलं. आज ६१७४ ला कापरेकर स्थिरांक म्हणतात.

यात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते असं. या कामाला कागद, पेन्सिल आणि वेळ याशिवाय काहीही लागत नाही. ग्रंथालय लागत नाही, मार्गदर्शक लागत नाही, विद्यापीठाची खुर्ची लागत नाही. देवळालीसारख्या गावात, शाळेचे तास सांभाळून, कुठल्या विषयात हात घातला तर तो शेवटपर्यंत नेता येईल, याचं उत्तर त्यांच्या कामातच आहे. त्यांनी विचारपूर्वक तसं ठरवलं की आवडीने ते तिकडे वळले, हा वेगळा मुद्दा. परिणाम असा झाला की जे हाताशी नव्हतं त्याच्यासाठी झुरण्यात त्यांची वर्षं गेली नाहीत. आपण अंथरूण पाहून पाय पसरा म्हणतो तेव्हा सुचवायचं असतं की पाय आखडून घ्या. कापरेकरांनी पाय आखडले नाहीत. जिकडे अंथरुणाला शेवटच नव्हता तिकडे ते पसरले.

कशात पुरे, कशात नाही

ग्रुपवरच्या ‘म्हणूनच सुखात राहिला’ या वाक्याकडे येतो. कापरेकरांचं चित्र आपण असं काढतो की साधा, निरिच्छ, आहे त्यात गोड मानणारा मास्तर. कामाच्या बाबतीत ते निरिच्छ मुळीच नव्हते. दारुड्याला जसं पीत राहून त्याच धुंदीत राहावंसं वाटतं तसं माझं आकड्यांच्या बाबतीत आहे, अशा अर्थाचं त्यांनी स्वतःच म्हणून ठेवलं आहे. हे समाधानी माणसाचं बोलणं नाही. ६१७४ सापडल्यावर तिथे थांबता आलं असतं, पण ते थांबले नाहीत.

डोंबिवली स्टेशनला तेव्हा डेम्लो म्हणत. तिथे सुचलेल्या संख्यांना त्यांनी डेम्लो संख्या असं नाव दिलं. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१, ही त्याच घरातली मंडळी. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो तिला त्यांनी हर्षद म्हटलं, म्हणजे आनंद देणारी. १२ ला ३ ने भाग जातो, १८ ला ९ ने. रामानुजनांच्या नावाने प्रसिद्ध असलेली १७२९ ही सुद्धा हर्षद आहे, कारण अंकांची बेरीज १९ आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. स्वयंभू संख्या तर मला फार आवडतात. कुठलीही संख्या घ्यायची आणि तिच्यात तिचेच अंक मिळवायचे. २१ मध्ये २ आणि १ मिळवले की २४, म्हणजे २४ ची जननी २१. पण २० ला अशी जननीच सापडत नाही. खालच्या सगळ्या संख्या तपासून बघा, एकीतूनही २० निघत नाही. ती आपली आपण जन्मलेली, म्हणून स्वयंभू. या संख्यांना देवळाली संख्या असंही म्हणतात. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच वर्षी, १९६३ ला, त्यांनी स्वयंभू संख्यांवरची पुस्तिका देवळालीतूनच काढली. ज्या वयात लोक सत्काराची शाल घडी करून ठेवतात त्या वयात त्यांचं नवं काम छापून येत होतं.

गाव तेच, शाळा तीच, हुद्दा तोच. यांत काही वाढावं म्हणून त्यांनी धडपड केल्याचं दिसत नाही. आणि आकड्यांच्या बाबतीत मात्र कधीच पुरे झालं नाही. म्हणून मला वाटतं, महत्त्वाकांक्षा आणि समाधान एका तराजूच्या दोन पारड्यांत घालून ‘निम्मं हे, निम्मं ते’ करायचं, ही कल्पनाच चुकीच्या जागी सुरू होते. कापरेकरांकडे दोन्ही गोष्टी पुरेपूर होत्या. फक्त वेगवेगळ्या खात्यांत होत्या. कुठल्या खात्यात पुरे म्हणायचं हे त्यांच्या जगण्यात ठरलेलं होतं, आणि ते सहसा हललं नाही.

आमच्या स्टाफरूममध्ये नेमकं उलटं होताना मी पाहतो आणि मला त्याचं खरोखर वाईट वाटतं. पगार, वेतनश्रेणी, मुख्याध्यापकपद, ज्येष्ठता यादीतलं स्थान यांत कोणालाच समाधान नसतं. त्यावर तासन्‌तास बोलणं होतं. आणि शिकवण्याच्या बाबतीत सगळे समाधानी. दहा वर्षांपूर्वीच्या टाचणवहीवरून आजचा तास होतो. एखादी संकल्पना दुसऱ्या पद्धतीने सांगून पाहावी, पुस्तकाबाहेरचं एक उदाहरण शोधावं, इथे मात्र ‘आहे ते ठीक आहे’. ‘आहे त्यात समाधान मानावं’ हे वाक्य आपण नेमकं तिथे वापरतो जिथे ते वापरू नये. मी सुद्धा काही वर्षं असाच गेलो आहे, म्हणून हे लिहिताना कोणाला नावं ठेवायची इच्छा नाही.

नाव

एक खातं असं होतं की त्यात त्यांना पुरे म्हणता आलं नाही आणि ते फार भरलंही नाही. ते म्हणजे मान्यता.

भारतातल्या बऱ्याच गणितज्ञांना त्यांचं काम किरकोळ वाटायचं. हे आकड्यांचे खेळ, यात गणित कुठे आहे, असं म्हणून ते हसण्यावारी नेलं जायचं. मोठ्या नियतकालिकांची दारं त्यांच्यासाठी फारशी उघडली नाहीत. काही टिपणं लहान नियतकालिकांत आली आणि बाकीची त्यांनी स्वतःच पुस्तिका म्हणून छापली. ‘खाजगीरीत्या छापले, देवळाली’ अशा अर्थाची ओळ त्यांवर असायची. मास्तरच्या पगारातून छपाई करून घेणारा माणूस मान्यतेच्या बाबतीत विरक्त होता असं मी म्हणणार नाही. आपलं काम लोकांपर्यंत जावं ही ओढ होतीच, आणि त्यात गैर काही नाही. स्थानिक कॉलेजांतून त्यांना बोलावणी यायची, मुलांना त्यांच्या शिकवण्याने आकड्यांची गोडी लागायची. पण ज्यांनी पाठीवर थाप द्यायची त्यांची थाप मिळाली नाही.

मार्च १९७५ ला अमेरिकेतल्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या गणिताच्या सदरात कापरेकरांबद्दल लिहिलं आणि मग जगभर नाव झालं. तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते. ६१७४ सापडून २९ वर्षं झाली होती.

त्यानंतरही वाटा सरळ नव्हत्या. हर्षद संख्यांना पाश्चात्त्य पुस्तकांत निवेन संख्या म्हणतात, कारण १९७७ साली आयव्हन निवेन या गणितज्ञाने एका परिषदेत त्यांच्याबद्दल भाषण केलं. स्वयंभू संख्यांना कोलंबियन संख्या असंही एक नाव पडलं, कारण कोलंबियातल्या एकाने १९७४ साली तो प्रश्न स्वतंत्रपणे मांडला. मी जेव्हा मुलांना हर्षद संख्या शिकवतो तेव्हा नाव तेच सांगतो, फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहितो. एवढं आपल्या हातात आहे.

या भागातून मला काय कळतं ते नीट सांगायचा प्रयत्न करतो. मान्यतेवर कापरेकरांचं काम टांगलेलं नव्हतं. टांगलेलं असतं तर १९५५ नंतर, दाद मिळत नाही म्हणून, ते थांबलं असतं. मान्यता हवी होती, पण तिच्याशिवाय दुसऱ्या दिवशीची वजाबाकी अडत नव्हती. आपल्याला एखादी गोष्ट खरोखर हवी आहे की तिच्यासोबत येणारं नाव हवं आहे, हे तपासायचं झालं तर यापेक्षा कडक कसोटी मला माहीत नाही. २९ वर्षं कोणी विचारणार नाही असं आधीच सांगितलं तर मी हे करीन का?

पेन्शन

आता ती बाजू, जी ग्रुपवरच्या कौतुकात कधीच येत नाही.

१९६२ ला निवृत्ती. १९६६ ला पत्नी वारल्या. त्यानंतर पेन्शन पुरेना. नाशिकमधल्या अगदी स्वस्तातल्या खोलीत राहूनही पुरेना. म्हातारपणी गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या धरून त्यांना चार पैसे मिळवावे लागले. जगाने ज्यांच्या नावाने संख्या ओळखल्या त्यांना सत्तरीच्या आसपास शिकवणीच्या फीचा हिशेब करावा लागला, हे वाचताना माझ्या पोटात कालवतं. १९८६ साली ते गेले.

इथे मी कापरेकरांना आदर्श म्हणून समोर ठेवताना थांबतो. पगाराच्या खात्यात पुरे म्हणणं ही एक गोष्ट. म्हातारपणाच्या खात्याकडे न बघणं ही दुसरी. पहिली मला पटते. दुसरीने हाल होतात, आणि ते फक्त त्या माणसाचे होत नाहीत. समाधानाने जगायचं ठरवलं तर त्यालाही एक ठरावीक रक्कम लागते, आणि ती कमावत्या वयातच बाजूला काढावी लागते. कापरेकरांच्या पिढीला निदान पेन्शन होती आणि तरी ही अवस्था. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्या आम्हा लोकांना तर जुनी पेन्शनच नाही. मार्च २०२३ मध्ये राज्यभरातले कर्मचारी आणि शिक्षक सात दिवस संपावर गेले ते त्यासाठीच. मी त्यात होतो. रस्त्यावर उन्हात बसलो असताना शेजारचे एक सर म्हणाले होते, ‘मला फार नको आहे हो. पण म्हातारपणी मुलापुढे हात पसरायला नको.’ लोक या मागणीला हाव म्हणतात तेव्हा मला राग येतो. समाधानाने जगण्यासाठी जेवढं लागतं तेवढंच ती माणसं मागत होती.

माझ्यापुरतं

हे सगळं मी परक्या माणसाचं प्रकरण म्हणून लिहू शकलो असतो, पण ते खरं झालं नसतं.

मी जून २००६ ला लागलो. तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढली, मग कायम झालो. २०१९ च्या फेब्रुवारीत नाशिकमधल्या एका मोठ्या कोचिंग क्लासने मला बोलावलं. अकरावी-बारावीच्या जेईईच्या मुलांना गणित शिकवायचं. महिन्याला माझ्या पगाराच्या दुपटीहून थोडे जास्त देणार होते. माझ्या बी. एड. च्या बॅचमधले दोघं तिथे आधीच होते. एकाने नवी गाडी घेतली होती, दुसऱ्याचा गंगापूर रोडला फ्लॅट झाला होता. मुलगा तेव्हा सातवीत, आणि आम्ही वन बीएचकेत. आठ दिवस मला झोप लागली नाही. मनातून मी होच म्हणून टाकलं होतं.

पत्नी ऐकून घेत होती. एका रात्री ताटं उचलता उचलता ती म्हणाली, ‘तुम्हाला तिथे जायचंय, की तुम्हाला विचारलं याचंच बरं वाटतंय?’

मी उत्तर दिलं नाही, कारण माझ्याकडे नव्हतं. दुसऱ्या दिवशी क्लासच्या संचालकांना भेटायला गेलो तेव्हा मी त्यांना एकच विचारलं. आठवड्यातून एखादा तास अभ्यासक्रमाबाहेरचं काही मुलांना दाखवता येईल का? ते गृहस्थ चांगले होते, सरळ बोलले. ‘सर, पालक आमच्याकडे रिझल्टचे पैसे देतात. टेस्ट सिरीजच्या मध्ये एक तास कुठून काढू?’ त्यांच्या जागी ते बरोबर होते. मी बसस्टॉपवर आलो आणि खिशातल्या पावतीच्या पाठीवर उगाच एक चार अंकी संख्या लिहून वजाबाकी करत उभा राहिलो. मला काय सोडवत नाही ते तिथे कळलं.

मी गेलो नाही. त्याची किंमत आम्ही मोजली आणि अजून मोजतो आहोत. घर तेच आहे. मुलाच्या कॉलेजसाठी कर्ज काढावं लागलं. एखाद्या लग्नात बॅचमधले ते दोघं भेटले की अजूनही क्षणभर काहीतरी टोचतं, नाही असं नाही. फक्त एक केलं. त्या वर्षापासून दर महिन्याला पगार झाला की आधी पीपीएफचे पैसे बाजूला काढायचे आणि मग घरखर्चाला हात लावायचा. हे पत्नीने सुरू केलं, मी नाही. तिचं म्हणणं होतं, तुम्ही शाळेत राहणार असाल तर राहा, पण साठीनंतर आपण दोघं काय खाणार ते आज ठरवून राहा. कापरेकरांच्या शेवटच्या वर्षांबद्दल मी तिला आधी सांगितलेलं होतं. तिने त्यातून जे घेतलं ते मला स्वतःला सुचलं नव्हतं.

आणि दुसरं, मी शिकवण्याच्या बाबतीत ‘ठीक आहे’ म्हणणं सोडलं. नाहीतर क्लास नाकारण्याला अर्थ काय राहिला असता? दर वर्षी एक धडा असा निवडतो जो मला नीट शिकवता येत नाही आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच्यावर बसतो. मागच्या वर्षी अपूर्णांकांचा भागाकार घेतला होता. उलटून गुणा, हे मुलं पाठ करतात, पण का उलटायचं ते त्यांना कळत नाही. पोळीचे चतकोर करून दाखवले, मग ते एकदाचं वर्गात उतरलं.

यंदाच्या जूनमध्ये ६१७४ चा तास झाल्यावर चार दिवसांनी आठवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत वही घेऊन आली. तीन अंकी संख्या घेतल्या तर सगळं ४९५ वर येऊन थांबतं, हे तिने स्वतःच शोधलं होतं. ते बरोबरच होतं. मग ती पाच अंकांकडे वळली होती आणि तिथे अडकली होती. वहीची दोन पानं भरलेली, खाडाखोड, कोपऱ्यात चहाचा डाग.

‘सर, पाच अंकांचं कुठेच थांबत नाहीये. मी काहीतरी चुकतेय.’

मी तिची वजाबाकी तपासली. ६१९७४ वरून ८२९६२, त्यावरून ७५९३३, मग ६३९५४. सगळं बरोबर होतं. पुढची ओळ तिने केली होती पण नीट पाहिली नव्हती. मी पेन्सिलीने तिथे खूण केली. उत्तर पुन्हा ६१९७४ होतं. ती बराच वेळ बघत राहिली. मग वरच्या ओळीवर बोट, मग खालच्या ओळीवर.

‘म्हणजे हे फिरत राहणार?’

‘हो. चारांना थांबायला जागा आहे, पाचांना नाही. ते गोल फिरतात.’

घंटा झाली. ती वही मिटून दारापर्यंत गेली, आणि तिथून परत आली.

‘मग सर, सहा अंकांचं काय होतं?’

मी तिला सांगितलं नाही. तिने बाकावर वही टेकवून नवं पान काढलं, पट्टीने वर एक रेघ मारली आणि पहिली संख्या लिहायला घेतली.